शिकवणी लावायची का?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'परदेशातील माझे अनुभव' असा विषय दिला होता. तो मी घरून लिहून आणला होता. पण तो कागद आज पर्समध्येच राहू दे.

कारण असं की, तीन आठवड्यांपूर्वी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपल्याच एका मैत्रिणीनं प्रश्न टाकला. "पोरगी आठवीत आहे. आपल्याच शाळेत सॉफ्टबॉल खेळते, पिचिंग करते. अमरावतीला एक जण वेगळं शिकवतात. महिन्याचे तीन हजार म्हणतात, एसटीचं भाडं वेगळं. लावू का?" तासाभरात चाळीस-पन्नास उत्तरं आली. निम्म्यांनी लिहिलं, काही लावू नको, अभ्यास बुडेल. निम्म्यांनी लिहिलं, लाव, खेळाचे वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. एकानं नेहमीप्रमाणे गुलाबाच्या फुलाचा फोटो पाठवला. आणि शेवटी मैत्रिणीनं मला धरलं. "तू कॅचर होतीस, तुझी मुलगी तिकडे खेळते. तूच सांग."

मी उत्तर दिलं नाही. तिला वाटलं असेल, अमेरिकेत गेली, शिष्ट झाली. तसं नाही. या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः दोनदा चुकले आहे. ते फोनवर अंगठ्यानं लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून आज तोंडी देते.

आपल्या वेळी शिकवणी ही लपवायची गोष्ट होती, आठवतं ना? ज्याला गणितात पस्तीस पडायची मारामार, तो संध्याकाळी वही शर्टाखाली खुपसून जायचा. हुशार मुलांना शिकवणी नसायची, आणि खेळाला तर नाहीच नाही. मैदान होतं, सर होते, शिट्टी होती.

सॉफ्टबॉल म्हणजे मऊ चेंडू, असं समजून माझ्या आईनं मला परवानगी दिली होती. तो चेंडू बारा इंच घेराचा, पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅमचा असतो आणि मांडीवर बसला की आठ दिवस जांभळं दिसतं, हे तिला नंतर कळलं. आपल्याकडे ग्लोव्ह सगळे मिळून नऊ. आउट होऊन बाजू बदलली की आपण ते जागेवर काढून ठेवायचे आणि समोरच्या मुलींनी तेच हातात घालायचे. डावखुऱ्या मुलीलाही तोच ग्लोव्ह. माझ्या मास्कचा एक पट्टा तुटलेला होता, तो सरांनी सायकलच्या ट्यूबनं बांधून दिला होता. सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले. त्यांना हा खेळ येत होता, म्हणून आपल्याला आला. फी वगैरे शब्दच नव्हता.

हा अभिमान मी सोबत घेऊन न्यू जर्सीला गेले. आता सांगते तो घोळ त्या अभिमानातूनच सुरू झाला.

२०२१च्या जुलैमध्ये टोकियो ऑलिंपिकचा सॉफ्टबॉलचा अंतिम सामना होता, जपान विरुद्ध अमेरिका. आमच्याकडे सकाळचे सात वाजले होते. मी चहा घेऊन टीव्हीसमोर, शेजारी माझी अकरा वर्षांची लेक. जपानची पिचर होती युकिको उएनो, वय ३९. याच बाईनं २००८मध्ये बीजिंगला दोन दिवसांत तीन सामने टाकून, ४१३ चेंडू फेकून जपानला सुवर्णपदक मिळवून दिलं होतं. त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधूनच काढून टाकला. तेरा वर्षांनी तो परत आला, तेव्हाही चेंडू हिच्याच हातात. सहाव्या डावात तिला बाहेर बसवलं, सातव्या डावात परत आणलं, आणि जपान २-० असा जिंकला. लेकीनं हे सगळं चहात बिस्किट विरघळेपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आई, मला पिचर व्हायचंय."

त्याआधी ती गावच्या लीगमध्ये दोन वर्षं सेकंड बेसला खेळत होती. तिथले प्रशिक्षक म्हणजे कुणाचे तरी बाबा, नोकरी सांभाळून हौसेनं येणारे. भला माणूस. पण बारा मुली आणि आठवड्यातून दोनदा दीड तास. त्यात झेल, फलंदाजी, बेसवर धावणं एवढं होतं. पिचिंग तिथं शिकवलं जात नाही, कारण ते त्यांना येत नाही. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू सोडायचा, आणि तो चाळीस फुटांवरच्या एवढ्याशा चौकटीतून न्यायचा. पुढे चौदा वर्षांखालच्या गटात हेच अंतर ४३ फूट होतं. ताशी ६० मैलांनी आलेला चेंडू तिथून अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. बाकी आठ जणी एखादा दिवस झोपल्या तरी सामना चालतो. पिचरला स्ट्राइक टाकता आली नाही, तर खेळच सुरू होत नाही.

म्हणून तिथल्या पिचर मुली खाजगी शिकवणीला जातात. अर्ध्या तासाचे पन्नास डॉलर. लेकीनं मागितली. मी म्हटलं, "पैसे देऊन खेळ शिकायचा? आम्हाला कुणी पैसे घेऊन शिकवलं नव्हतं. मी कॅचर होते, मी शिकवते."

तिकडे मुलींना चेंडू टाकायला लावून पालक उलट्या बादलीवर बसून झेलतात. मीही पाठीमागच्या अंगणात बादली टाकली. मला आठवत होतं ते सगळं सांगितलं. मनगट झटक, चेंडू सोडल्यावर कोपर वर आण, हात खांद्याला लागला पाहिजे. चेंडू माझ्या डोक्यावरून शेजाऱ्याच्या कुंपणात. "आणखी दहा टाक." ती टाकायची. सरांनी सांगितलेलं मला बरोबर आठवत होतं की नाही कोण जाणे. सर, मान हलवू नका, चूक माझी होती, तुमची नाही! दोन महिन्यांत तिचा खांदा पुढच्या बाजूनं दुखायला लागला. खालून टाकलेल्या चेंडूनं खांद्याला काही होत नाही, असा एक समज आहे. मलाही तेच वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं की गोल फिरणाऱ्या हातानं त्या जागेवर चांगलाच ताण येतो, आणि चार आठवडे चेंडूला हात लावायला बंदी केली. माझं फुकटचं शिक्षण असं महागात पडलं. ही माझी पहिली चूक.

मग आम्ही शिकवणी लावली. हिवाळ्यात तिथं मैदानं बर्फाखाली असतात, त्यामुळे हे सगळं गोदामासारख्या मोठ्या हॉलमध्ये चालतं. गंमत म्हणजे हा खेळ जन्मलाच बंद हॉलमध्ये. १८८७च्या नोव्हेंबरात, शिकागोमध्ये, बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून केलेला चेंडू आणि एक काठी एवढ्यावर. आता त्याच हॉलमध्ये जाळ्यांच्या रांगा, प्रत्येक जाळीत एक मुलगी, एक प्रशिक्षक आणि बादलीवर एक बाप.

आमचे पहिले प्रशिक्षक नावाजलेले होते, भिंतीवर पन्नास मुलींचे फोटो. सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की तेही मनगट आणि कोपरच शिकवताहेत, फक्त इंग्रजीत आणि पैसे घेऊन. नंतर कॉलेजात खेळलेली एक तरुण मुलगी मिळाली. तिनं पहिल्या दिवशी चेंडूच टाकू दिला नाही. मोठ्या पिचर्सच्या चित्रफिती संथ गतीनं दाखवल्या आणि लेकीला विचारलं, "चेंडू सुटतो त्या क्षणी यांचा हात कुठं आहे, ते बघ." हात कमरेला घासून जात होता, आतल्या बाजूला वळत होता, आणि मग सैल सुटत होता. कोपर मुद्दाम वर कुणीच नेत नव्हतं. तीन महिन्यांत चेंडू चौकटीत यायला लागला, खांदा दुखायचा थांबला. म्हणजे पैसे घेणारा प्रत्येक जण बरोबर शिकवतो असं नाही, आणि घरचं माणूस प्रेमानं शिकवतं म्हणून ते बरोबर असतं असंही नाही.

इथं माझी गोष्ट संपली असती तर मी आज खुशाल 'लावा शिकवणी' म्हणाले असते. पण दुसरी चूक पुढे आहे, आणि ती जास्त वाईट आहे.

तिथं १९७२ साली एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. त्यातून मुलींचे संघ वाढले, मागोमाग शिष्यवृत्त्या आल्या, आणि शिष्यवृत्त्यांच्या मागे हा शिकवण्यांचा बाजार. हॉलमध्ये बसलेले सगळे पालक कॉलेजच्या शिष्यवृत्तीबद्दलच बोलत असतात. मीही हिशेब मांडायला लागले. आठवड्याला पन्नास, वर्षाला चाळीस आठवडे, झाले दोन हजार डॉलर. बॅट वेगळी, स्पर्धांची वर्गणी वेगळी, हॉटेल वेगळं. इतकी वर्षं तिथं राहूनही मी मनात रुपयांत गुणाकार करते, त्यामुळे आकडा आणखी मोठा वाटतो. रविवारची मराठी शाळा सुटली ती वेगळीच.

खरा हिशेब नंतर वाचला. शाळेत सॉफ्टबॉल खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी पाच-सहाच कॉलेजच्या संघात पोचतात, सर्वांत वरच्या विभागात जेमतेम दोन. त्या वरच्या विभागातही कित्येक वर्षं एका संघाला बारा शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती, आणि त्या वीसेक मुलींमध्ये तुकडे करून वाटल्या जायच्या. शिष्यवृत्तीसाठी शिकवणी लावणाऱ्यानं ते पैसे बँकेत टाकले असते तर बरं झालं असतं. पण गुंतवणूक म्हटली की माणूस परतावा बघायला लागतो. मी लागले.

एका शनिवारी तिनं एका डावात चार जणींना चेंडूवर चेंडू बाहेर टाकून फुकट बेसवर पाठवलं. सामना गेला. गाडीत बसल्यावर माझ्या तोंडून निघालं, "अर्ध्या तासाला पन्नास डॉलर देतो आम्ही, आणि तू साधी स्ट्राइक टाकत नाहीस?" ती काही बोलली नाही. चाळीस मिनिटांच्या रस्त्यात खिडकीबाहेर बघत राहिली. मंगळवारी शिकवणीच्या वेळी तिनं बूट घातले नाहीत. म्हणाली, "मला नको आता. तुमचे पैसे वाचतील."

मित्रांनो, तेव्हा मला १९९०ची विभागीय स्पर्धा आठवली. त्या संघातल्या पाच जणी इथं बसल्या आहेत, त्यांना सांगायला नको. शेवटचा डाव, बरोबरी, तिसऱ्या बेसवर त्यांची मुलगी, आणि माझ्या ग्लोव्हमधून चेंडू मागे निसटला. एका रनानं आपण हरलो. मी मास्क काढेना, कारण आत रडत होते. सर आले, वाकले आणि एवढंच विचारलं, "कुठं लागलं नाही ना?" मग आपल्या सगळ्यांना गिला वडा खाऊ घातला आणि शेवटच्या एसटीनं घरी आणलं. त्या चेंडूबद्दल आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही.

मी मनाशी म्हणत होते, सर असं वागू शकले कारण त्यांचे पैसे गुंतलेले नव्हते. ते शिकवणं फुकट होतं.

काल संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले होते. सहज म्हणाले, "काकू, आम्हाला सगळं फुकट मिळालं हो." काकू हसल्या. म्हणाल्या, "फुकट कसलं बाप्पा? तुमच्या चेंडूंचे पैसे शाळा सहा महिन्यांनी द्यायची, तोवर किराण्याचं बिल थांबायचं. त्या दिवशीचे वडे माझ्या भिशीच्या पैशातले होते. आणि आमच्या पोरीला गणित शिकवायला हे कधी घरी असतील तर ना? तिला आम्ही शिकवणी लावली होती." सर मध्येच म्हणाले, "जाऊ दे, जुन्या गोष्टी काय काढतेस." पण मी ऐकायचं ते ऐकलं होतं. आपण मैदानावर होतो म्हणून सरांच्या मुलीला शिकवणी लागली. पस्तीस वर्षं मी जिला फुकट म्हणत होते, तिची फी दुसऱ्या एका घरानं भरली होती. आणि ती भरूनही हिशेब कधी आपल्यासमोर आला नाही.

म्हणजे खेळ शिकवण्याला पैसा लागतोच. वेळ लागतो, चेंडू लागतात, जाणकार माणूस लागतं. ते कोण भरतं आणि भरल्यावर पोराला ते ऐकवतं का, एवढाच प्रश्न उरतो.

आता मैत्रिणीला उत्तर. लाव, पण चार गोष्टी बघून.

पहिली, मुलीनं स्वतः मागितलं आहे का, आणि कुणी न सांगता ती भिंतीवर चेंडू मारते का? आठवड्यातला अर्धा तास काही शिकवत नाही, मधले सहा दिवस शिकवतात. ती स्वतः टाकत नसेल तर तीन हजार वाया.

दुसरी, जे संघात शिकता येतं त्यासाठी वेगळे पैसे देऊ नको. झेल, बेस, मैदानावरची समज हे सगळ्यांबरोबरच येतं. पिचिंगचं तंत्र मात्र एकेकीला बघूनच दुरुस्त करावं लागतं. तेवढ्यापुरती लाव, तीन महिने. मग पुन्हा बघ.

तिसरी, पहिले दोन तास स्वतः शेजारी बस. शिकवणारा खांदा दुखतो का विचारतो का? "असं का?" विचारल्यावर उत्तर देतो का? एकच खेळ बारा महिने खेळवा म्हणत असेल तर तिथून उठ. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६मध्येच सांगितलं आहे की आठवड्यात एक-दोन दिवस विश्रांती, वर्षात मिळून तीन महिने त्या खेळापासून सुट्टी, आणि पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नका. तुझी मुलगी खो-खो खेळते ना? खेळू दे.

चौथी, जे पैसे देशील ते दिले त्या दिवशी विसर. वाढीव गुण मिळाले तर मिळाले, नोकरी लागली तर लागली. विसरता येणार नसतील, घरात ओढ होणार असेल, तर लावू नको, आणि त्याबद्दल वाईटही वाटून घेऊ नको. कर्ज काढून लावलेली शिकवणी मुलीच्या खांद्यावर चेंडूपेक्षा जड बसते.

माझ्या लेकीचं विचाराल, तर मी माफी मागितली. ती लगेच काही परत गेली नाही. आठ महिने तिनं चेंडू कपाटात ठेवला. मग एका संध्याकाळी अंगणात आवाज आला, बघते तर बादली तिनंच आणून ठेवली होती. आता ती पंधरा वर्षांची आहे, पंधरवड्यातून एकदा शिकवणीला जाते. शाळेच्या दुय्यम संघात दुसऱ्या क्रमांकाची पिचर आहे. कॉलेजच्या संघात जाईल असं मला वाटत नाही, तिलाही वाटत नाही. शनिवारी सकाळी गावच्या लीगमधल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलींना हात कमरेशी कसा न्यायचा ते दाखवते. गाडीत आम्ही आता जेवायला काय करायचं ते बोलतो.

शेवटची एक गोष्ट. आज सकाळी मी मैदानावर गेले. अर्ध्या जागेवर नवी इमारत झाली आहे, अर्धी शिल्लक आहे. तिथं आठ-दहा मुली खेळत होत्या, ग्लोव्ह बदलून बदलून. मैत्रिणीची मुलगी त्यांत होती. ती एकटी अमरावतीला गेली तर एक पिचर तयार होईल. त्याऐवजी ते शिकवणारे महिन्यातून दोनदा इथंच आले, आणि एरवी संध्याकाळी दीड तास मैदानावर थांबणाऱ्या माणसाला आपण मानधन दिलं, तर त्या सगळ्याच मुली शिकतील. ते येतील की नाही, विचारून तर पाहू. लेकीच्या एका वर्षाच्या शिकवणीएवढी रक्कम मी आज आपल्या खजिनदारांकडे दिली आहे. ती बॅटांसाठी नाही, माणसासाठी आहे. बाकीचं आपण सगळे मिळून बघू. पुन्हा कुणा काकूंच्या भिशीतून ते जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आणि ज्या मुलींवर ते खर्च होतील, त्यांना ते कुणी ऐकवू नये.

सर घड्याळ बघताहेत, म्हणजे माझा वेळ संपला.